दांडीवरचं वजन

ताई, सारिका निघाली. आत्ताच. ट्रॅक्टरचा आवाज देवळापर्यंत ऐकू आला, मग वळणावर कमी झाला अन् आता नुसत्या कोंबड्या ऐकू येऊन राह्यल्या. मी तुह्या ओसरीवर बसून आहे. मागून माह्या स्कूटरवर येतो म्हणलं तं तुही लेक म्हणते, "मामा, तुम्ही मागं असले का माह्यं ध्यान आरशात राह्यते, रस्त्यावर नाही. घरीच बसा. पोचलो का फोन करतो." मी या वयात दटावून घेतलं अन् बसलो. पोरगी तुहीच, दुसरं काय.

इथून यवतमाळचं कापसाचं जिनिंग दीड तास. भरल्या ट्रॉलीले जास्तच. तेवढा वेळ नुसतं बसणं मले जमत नाही हे तुले माहीत आहे. म्हणून हा कागद घेतला. पहिल्या दोन ओळी 'तुझ्या अकाली जाण्याने' वगैरे झाल्या होत्या, त्या खोडल्या. तू म्हणली असती, "काहून रे, ऑफिसातून लिहून राह्यला का?"

तेरवी परवा झाली. लोकं अंगणात बसली, कारण घरात बसायले जागा नव्हती. समोरची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली. तू वेचून घेतलेला, तू रचलेला. तुह्या फोटोले भिंत सापडेना, शेवटी कापसाच्या ढिगापुढं पाट ठेवून त्याच्यावर ठेवला. येणारा जाणारा फोटोले हात जोडे अन् मग कापसाकडं पाहून म्हणे, "माल चांगला हाय." मले राग आला होता. मग वाटलं, तुले तेच आवडलं असतं.

काल आभाळ आलं, अन् त्या खोलीचं छप्पर गळते. सारिका म्हणाली उद्या पहिली ट्रॉली नेतो. मी म्हणलं, बाई, जरा थांब, दिवस कोणते आहेत. ती म्हणाली, "कापसाले दुखवटा कळते का?" तीन वर्षांपासून ती तुह्यासंग शेती करते, ट्रॅक्टर तुह्यापेक्षा बरा चालवते, हे तूच कबूल केलं होतं. पण भरली ट्रॉली घेऊन एकटी कधी गेली नव्हती. बाजूच्या मडगार्डवर तू असायचीच. अन् ट्रॉली दांडीवर किती बसली पाह्यजे, हे तूच ठरवायची. ते तिले येते का, मले येते का, हा प्रश्न कालपासून सुटत नव्हता.

तुही ट्रॉली दोन चाकांची. सगळा माल मधल्या एका कण्यावर, अन् समोरची लोखंडी दांडी ट्रॅक्टरच्या हुकात. मले तूच समजावलं होतं, पोरगं समजून. दांडीवर भार कमी पडला तं मागचा माल ट्रॅक्टरले वर उचलते, अन् उतारावर ट्रॉली शेपूट हलवते. भार लय झाला तं ट्रॅक्टरचं तोंड वर होते, मग स्टेअरिंग फिरवा नाही तं नका फिरवू, सारखंच. आपल्या बाबांच्या बैलगाडीले हेच होतं. मागं माल जास्त झाला का गाडी उलाळ, जू वर उठे अन् बैलांच्या गळ्याले फास बसे. बाबा जू एका हातानं उचलून पाहत अन् दोन पोती पुढं सरकवत. ट्रॉलीची दांडी काही कोणाच्या हातानं उचलत नाही. मग तू तुही रीत काढली. ट्रॉली जॅकवर उभी करायची अन् मागच्या फाळक्याले, त्या लोखंडी झडपेले, माणूस लटकवायचा.

तो माणूस मी.

मी एकटा लटकलो तं दांडी जॅकवरून हलली नाही पाह्यजे. माह्यासंग आणखी दोघं तिघं लटकले तं कशीबशी उचलली पाह्यजे. मी एकट्यानं उचलली तं माल मागं झाला, तिघाचौघांनीही नाही उचलली तं पुढं झाला. दर साली दिवाळीनंतर तुहा फोन. "ये रे, वजन पाह्यजे." जसं काही साऱ्या तालुक्यात लटकायले दुसरं माणूस नाही! मी ऑफिसातून सुट्टी काढून, इस्त्रीच्या पँटीवर, फाळक्याले वटवाघळासारखा लटकायचो अन् तू समोरून ओरडायची, "पाय उचल! पाय जमिनीले लावून राह्यला तू!" कापूस वेचणाऱ्या बाया पदर तोंडाले लावून हसत. मी विचारलं होतं एकदा, मीच काहून? तू म्हणली, "तुह्यं वजन सालोसाल बदलत नाही. माप पक्कं पाह्यजे." ते खोटं होतं. माह्यं वजन दर साली वाढून राह्यलं होतं, अन् तुले दिसत होतं. तुले भाऊ घरी यायले पाह्यजे होता. हे मले तेव्हाही कळत होतं, अन् मले कळते हे तुलेही कळत होतं. पण आपण दोघंही ट्रॉलीचंच बोललो.

तुह्या वेचणाऱ्या बायांतली शेवंताबाई चहा ठेवून गेली. "आली असन नाल्यापाशी," म्हणाली. मले तेच नको होतं ऐकायले.

नाल्याचा उतार. तुले मी शंभर वेळा सांगितलं असन, अन् तू शंभर वेळा हात झटकला. यष्टीतून येताना मी तिथं एक ट्रॉली आडवी पडलेली पाहिली होती. साऱ्या रस्त्यावर कापूस, जसं कोणी दुलई फाडली. ट्रॅक्टरवाला रस्त्याच्या कडेले हात छातीशी धरून बसला होता, अन् लोकं त्याले सोडून कापूस गोळा करत होते. जिवंत होता बिचारा. पण त्याच्या तोंडावरचा रंग मी अजून विसरलो नाही. तेव्हापासून तू ट्रॉली घेऊन निघाली का मी यवतमाळात टेबलाशी बसून फाइलीकडं पाहायचो अन् फाइल दिसायचीच नाही. जिनिंगवर पोचली का तू फोन करायची अन् पहिलं वाक्य ठरलेलं, "हाय जिवंत. कर आता तुह्यं काम."

म्हणून मी तो काटा आणला होता. मागच्या साली. घरातलाच, ज्याच्यावर डॉक्टरच्या भीतीनं मी रोज सकाळी उभा राह्यतो. मोबाइलवर एका व्हिडिओत पाह्यलं होतं, फळीच्या एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, अन् जॅकचा पाय फळीवर विटेपासून तिसऱ्या हिश्श्यावर टेकवायचा. काटा जे दाखवते त्याची तिप्पट म्हणजे दांडीवरचं वजन. तू कमरेवर हात ठेवून पाहत उभी. "काय म्हणते तुहा काटा?" मी आकडा सांगितला. "बरा हाय का वाईट?" मी म्हणलं, एकूण मालाच्या मानानं बरा आहे. "मग मी काय वेगळं सांगतलं होतं?" मी म्हणलं, ताई, तू अंदाज सांगते, हे माप आहे. तू म्हणली, "माप तुह्या फळीवर उभं हाय, ट्रॉली रस्त्यावर जाणार हाय." मग मी चिडलो, मग तू चिडली, मग शेवंताबाईनं मधात पडून विचारलं का जेवायचं का नाही. जेवताना तू म्हणली, "पुढच्या सालच्या कापसाले पाहू कोण खरं." अन् माह्या ताटात आणखी एक भाकर टाकली. माह्यं वजन वाढवून तूच माप बिघडवत होती, बाई!

पुढचं साल आज आलं. कापूस आला, काटा आला, मी आलो.

आता सकाळचं सांगतो. ट्रॉली अंगणात जॅकवर उभी केली. बाया गाठोडी आणून वर टाकत होत्या, दोघी वरून तुडवत होत्या. सारिका ट्रॅक्टरले डिझेल पाहत होती अन् आभाळाकडं पाहत होती. भरून झाली तं मी लांबून पाह्यलं. पुढं मागं बराबर, डावं उजवं बराबर, रेषेत. माह्या मनात आलं, तुह्याविना जमलं म्हणायचं. बरं वाटलं अन् लगेच वाईट वाटलं.

मी फळी लावली. सारिका म्हणाली, "मामा, हे कायले आता?" तरी लावली. काटा मागच्या सालच्या निम्म्यावरही गेला नाही. मले वाटलं काटाच बिघडला. मी स्वतः त्याच्यावर उभा राहून पाह्यलं. माह्यं वजन त्यानं बराबर सांगितलं, वाटल्यास जरा जास्तच. मग फळी काढली, मागं गेलो, फाळका धरला अन् लटकलो. पाय उचलले. समोरून शेवंताबाई ओरडली, "उचलली! उचलली, भाऊ!"

मी एकटाच लटकलो होतो, ताई.

तुह्या रीतीनंही उलाळ, माह्या काट्यानंही उलाळ. आपला वाद मिटला तो असा, दोन्ही मापं एकच बोलली, अन् "पाह्यलं?" म्हणायले तू नाही, मी म्हणलं तं ऐकायले तू नाही.

सारिका ऐकेना. "ट्रॉली सरळ दिसून राह्यली ना मामा! दोन्हीकडं सारखा माल हाय. पाणी आलं तं सगळं भिजन. जुळवतो ट्रॅक्टर." मी नाही म्हणलं. ती म्हणाली, तुम्ही भेता म्हणून सगळं जग थांबवता. लागलं मले ते. खरं आहे म्हणून लागलं. तिनं ट्रॅक्टर चालू केला अन् मागं घेऊ लागली, अन् मी, ज्यानं आयुष्यात तुह्यासमोर आवाज चढवला नाही, हुक अन् दांडीच्या मधात जाऊन उभा राह्यलो. "घाल माह्या अंगावर! पण अशी ट्रॉली जाणार नाही म्हणजे नाही!" शेजारपाजारचे बाहेर आले. सारिकानं ट्रॅक्टर बंद केला.

"सारखी दिसते तं मग वजन गेलं कुठं?" ती रडकुंडीले येऊन म्हणाली. तेव्हा शेवंताबाई हळूच बोलली, माह्याकडं न पाहता. "समोरच्या कोपऱ्यात कोणी पाय नाही ठेवला, भाऊ. ते बाईची जागा होय."

तू साऱ्या जन्मात ट्रॉलीच्या समोरच्या टोकाले उभी राहून कापूस तुडवायची. ट्रॅक्टरच्या बाजूले, साडी खोचून, एका हातानं समोरच्या काठाले बांधलेला दोर धरून. मागं बाया हलक्या पायानं तुडवत अन् समोर तू सारा जीव लावून तुडवायची, म्हणून वरून सारखी दिसणारी ट्रॉली समोर भारी राह्यची. बाबांची दोन पोती तू पायानं पुढं सरकवत होती, हे मले इतक्या सालात दिसलं नाही. मी आपला फाळक्याले, मागं. आज बायांनी समोर कापूस टाकला, हातानं वरून सारखा केला, पण तुह्या जागेवर उभं राहायले कोणाचं मन होईना. एकीनंही दुसरीले सांगितलं नाही अन् सगळ्यांनी तेच केलं. त्यांनी तुहा मान ठेवला अन् त्या मानानं तुह्या पोरीचा जीव गेला असता.

मी सारिकाले म्हणलं, चढ वर. ती चाकापर्यंत गेली, हात लावला अन् तिथंच थांबली. "माह्यानं नाही होत, मामा." शेवंताबाईले म्हणलं, तिनं कानाले हात लावले. मग राह्यलं कोण?

मी चढलो. तू पाह्यला पाह्यजे होता तो तमाशा. मले स्टुलावर उभं राहून बल्ब लावायले भोवळ येते. खालून दोघी ढकलत होत्या, वरून एक ओढत होती, चप्पल एक पडली, शर्ट खिळ्याले फाटला. अन् तुह्या कोपऱ्यात पाय ठेवला तं मी छातीपर्यंत आत गेलो. पायाखाली काहीच नाही. नुसता पोकळ, फुललेला कापूस. बाया एकदम हसल्या, सारिकाही हसली, मीही हसलो, अन् मग मले रडू आलं. तू गेली तेव्हा नाही आलं, ना घाटावर, ना तेरवीले. तिथं आलं, कापसात छातीपर्यंत बुडून. नाकात तंतू जाऊन राह्यले, शिंका येऊन राह्यल्या, अन् मी दोर धरून तुडवून राह्यलो, रडून राह्यलो. खालून शेवंताबाई म्हणते, "जोरानं, भाऊ, बाई अशी हलक्यानं नाही तुडवायची." मी म्हणलं, तूच येऊन दाखव. अन् ती आली! पदर खोचून आली अन् माह्या बाजूले उभी राह्यली. मग दुसरी आली. सगळ्यांत शेवटी सारिका आली.

कापूस खाली बसत गेला. वरून आणखी टाकायले सांगितलं. तुह्या एकटीच्या जागेत किती गाठोडी मावली, पाहणारे पाहतच राह्यले.

मग पुन्हा फळी. काटा मागच्या सालच्या जवळ आला. मी लटकलो, दांडी गप्प. शेजारचे दोघं माह्यासंग लटकले, जराशी उचलली. सारिकानं हुक जुळवला, पिन टाकली, पिनीची कडी लावली, अन् मी न सांगता तिनंच साखळीही बांधली. साखळीवरून तुह्यं माह्यं किती वाजलं होतं! तू म्हणायची, "साखळी बांधली म्हणजे पिन निघन याची वाटच पाह्यनं झालं." सारिका खाली वाकून साखळी ओढून पाहत होती, तेव्हा मी काही बोललो नाही. आईची लेक आहे, बोललो तं सोडून टाकन.

अन् निघाली.

मधात फोन वाजला. मी असा दचकलो का चहा सांडला. तं घरून तुही भावजय. "पोचली का?" मी खेकसलो, म्हणलं पोचली तं तुले फोन करीन ना, लाइन कायले अडवते. मग वाईट वाटलं. तीही भेतच असन तिकडं.

दीड तास होऊन गेला. नाला झाला असन. चढ झाला असन. का झाला नसन? रस्त्यावरून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याले मी हात करून थांबवलं, विचारलं, कापसाची ट्रॉली दिसली का, पोरगी चालवत होती. म्हणे, काका, कापसाच्या दहा ट्रॉल्या दिसल्या. पोरगी चालवत होती का नाही ते पाह्यलं नाही. काय उपयोग अशा लोकांच्या डोळ्यांचा? शेवंताबाई म्हणाली, बसा भाऊ, ओसरी झिजन.

आता वाजला फोन. सारिकाच.

"पोचलो, मामा. वजनाले लाइन हाय, नंबर लागला."

"नाल्यावर?"

"काय नाल्यावर?"

"हलली का मागून?"

"नाही हलली." मग गाड्यांच्या आवाजात म्हणाली, "उतारावर मी लय मोठ्यानं रडलो मामा. कोणी ऐकायले नव्हतं. ब्रेक बराबर लागले." मग नाक ओढून म्हणाली, "उद्या दुसरी नेतो. तुम्ही थांबता ना?"

थांबतो म्हणलं.

ताई, तू जिवंतपणी मले एकच विचारत राह्यली, "एवढा कायले भेतं रे?" अन् मी दर वेळी उताराचं सांगितलं, पिनीचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं. खरं कधी सांगितलं नाही. मी साऱ्या जन्मात त्या उताराले भेलो अन् तू गेली घरच्या बाजेवर, दुपारी, चहा मागून. चहा होईपर्यंतही थांबली नाही. त्या दिवसापासून मले कायचीच भीती वाटत नव्हती. यष्टी जोरानं गेली तं जाऊ दे, बीपीची गोळी राह्यली तं राहू दे. लोकं म्हणाले भाऊनं धीरानं घेतलं. धीर कायचा? ज्याच्यासाठी जीव खालीवर व्हावा असं माणूसच उरलं नाही, असं वाटलं होतं. आज सारिकानं वळण घेतलं अन् तीच जुनी भीती परत आली, जशीच्या तशी. उद्या ती पुन्हा निघन, अन् मी पुन्हा इथंच बसून भेईन.